आईच्या गोधडीचा वास

मुलुंड, १६ नोव्हेंबर १९८६, रविवार

आज आईची गोधडी धुतली. आई गेल्याला महिना झाला. तेव्हापासून मनी मांजर त्याच गोधडीत झोपते, तिथेच मुतते. काल सुधाताई आली ती दारातूनच ओरडली, "अरे, नाक आहे की नाही तुला? धू ती आधी!" म्हणून दोनदा सोड्यात भिजवली, लिंबू चोळलं, दिवसभर गच्चीवर उन्हात टाकली.

संध्याकाळी नाक खुपसून पाहिलं. मांजराचा वास गेला होता. पण आईच्या मिश्रीचाही गेला. हे आधी कसं सुचलं नाही मला? पुन्हा हुंगली. नुसता सोडा. मनीनेही हुंगली आणि कॉटखाली जाऊन बसली.

घडी घालताना दुसरं टोक नेहमी आई धरायची. आज ते हनुवटीखाली दाबून एकट्यानेच घडी घातली.