चार वाजता लावलेला दिवा

तीर्थरूप अण्णांना थोरलीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी नसावी. तुम्ही शिवून पाठवलेला काळा कोट अगदी मापात बसला. आज इथला वर्षातला सगळ्यात लहान दिवस. लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहते तेव्हा बाहेर अंधार, सुटते तेव्हाही अंधार. सूर्य जेवणाच्या सुट्टीत तोंड दाखवतो, तेही उपकार केल्यासारखं.

तुम्ही लिहिलंत, ‘आमच्याकडेही दिवस फार लहान झालाय, चारलाच दिवा लावून मशीनवर बसतो.’ वाचून आधी मी हसले. मग तीच ओळ पुन्हा वाचली. अण्णा, तिकडे दिवस लहान होऊन होऊन किती होणार? फार तर तासाभराने. चारला तर आपल्या खिडकीतून मशीनवर थेट ऊन येतं.

काल कोटाला इस्त्री करताना दिसलं, खालची अख्खी पट्टी निळ्या दोऱ्याने शिवलीय. दोऱ्याचा रंग जरा वेगळा दिसला म्हणून मला सबंध बाही उसवायला लावणारे तुम्ही! सुईत दोरा हल्ली कोण ओवून देतं? आईला यातलं काही माहीत आहे का?

पट्टी मी उसवणार नाही, कोट तसाच घालतेय. पण इथला उजेड उद्यापासून आपोआप वाढत जाईल, तुमचा तसा वाढायचा नाही. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाच. गिऱ्हाइकं थांबतील.

तुमचीच,
थोरली

ता.क. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही लागलं नाही, तर आईकडून वाचून घ्या. म्हणजे तिलाही कळेल.