कापणाऱ्याने शेवटी उचलायचं

५ जून

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

बाबांच्या विम्याचे पैसे आपल्या दोघांच्या नावे निम्मे निम्मे मंजूर झाले. माझा हिस्सा मी तुला सोडतेय. तसा सही केलेला कागद सोबत आहे. वाद नको. बाबांच्या सुतारकामाच्या दुकानातलं कापायचं मशीन बंद पडलंय, हे तुझ्या बायकोकडून कळलं. तू सांगशील तर शपथ! नवीन आलं नाही तर दुकानाला कुलूप लागेल, आणि ते मला बघवणार नाही. माझं काय, एकटा जीव, शिवणकारखान्यातला पगार पुरतो.

बोटं सांभाळ.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

१४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कागद वाचून ही रडली, मी चिडलो. पगार पुरतो म्हणे! मागे आलीस तेव्हा जिन्यात कठडा धरून थांबलीस आणि विचारलं तर म्हणालीस, कठडा छान झालाय, तो बघतेय. आणि स्वतःचं शिवणाचं दुकान काढायचं म्हणून जपून ठेवलेली ती मोठी कात्री? मी विसरलो वाटलं?

बाबा केक आणायचे तेव्हाचा नियम आठव. कापणाऱ्याने शेवटी उचलायचं. आता वाटणी तू केलीस: एकीकडे सगळं, दुसरीकडे काहीच नाही. आधी उचलणार मी. मी ‘काहीच नाही’ उचललं. माझ्या सहीचा कागदही जोडलाय. बस आता बोंबलत.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.

तुझा,
ठोंब्या

२२ जून

चि. ठोंब्यास, आशीर्वाद आणि एक धपाटा.

इतकी हसले की शेजारीण डोकावली. मग तिच्यासमोरच रडू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.

दोन्ही कागद फाडले. आता नीट कापते. तुझ्या निम्म्यात तुझं मशीन, माझ्या निम्म्यात माझी शिलाई मशीनं, दोन्ही एकाच दुकानात. तू खुर्च्या कर, मी गाद्या शिवते. नोकरीचा राजीनामा आजच दिला. भीती वाटतेय रे, पण कारखान्यासारखा दुकानाला जिना नाही याचा गुडघ्यांना फार आनंद झालाय. दुकानाचा पुढचा भाग की मागचा, आधी तू उचल.

वाट बघणारी,
ताई

२९ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मागचा भाग उचलला. पुढची खिडकी कालच मोठी करून घेतली; तुला सुईत दोरा ओवताना हल्ली उजेड कमी पडतो. कात्री घेऊन ये.

तुझा,
ठोंब्या