बिब्ब्याची खूण

ता. ७ फेब्रुवारी १९२७, सोम.
साक्रीच्या पलीकडच्या दोन शाळा उरकल्या. नानांनी देवी टोचायच्या, मी पेटी धरायची, पोरांच्या बाह्या वर करायच्या, रडलं त्याला गूळ द्यायचा. हेच माझं काम. दुसऱ्या शाळेत एक बाई टोचलेलं पोर काखोटीला मारून विहिरीकडं पळाली. मागं जाऊन बघतो तर दंडावरची लस शेणानं पुसून काढतेय. म्हणे, "आमना पोऱ्याले नको हाई. देवीमाय कोपी जाई." नाना रागावले नाहीत. गोड बोलून परत टोचलं. त्या पोराला दोनदा गूळ मिळाला.
नाना म्हणतात, रोज पाच ओळी लिही, अक्षर सुधार, मग तुलाही टोचायला शिकवतो. चौथीतून पळालेल्या माणसाला आणखी काय पाहिजे. आणि एका गावात दोन दिवस काढले की माझे पाय वळवळतात, तेव्हा फिरतीचं काम बरंच.

ता. ८
पाच ओळी लिहायला बसलो की तीच गोष्ट पुढं येते. आज लिहूनच टाकतो. वही पेटीच्या तळाशी राहील.
धाकटा भाऊ झिपरू. गावच्या शाळेत तिसरीत. त्याला देवी टोचलेल्या नाहीत. बहीण तान्ही असताना टोचली आणि पंधरवड्यात तापानं गेली, तेव्हापासून मायनं शपथ घातलेली. मागल्या दिवाळीला घरी गेलो तर मास्तरांनी बजावलं होतं, दंडावर खूण नाही त्याला वर्गात बसू देणार नाही. माय पाया पडायला लागली. मीच, दुसरं कोण, बिब्बा दिव्यावर धरला आणि तापल्या तेलाचे दोन डाग झिपरूच्या दंडावर दिले. फोड आले, खपली पडली, खूण झाली. मास्तरांनी बाही वर करून पाहिली, शाबास म्हणाले.
पेटी वाहणारा मी.

ता. ११
नाना आज खूण ओळखायला शिकवत होते. खरी खूण फिकी, जरा खोल, आत बारीक ठिपके, कड वाकडी. "हात फिरवला तरी कळतं," म्हणाले. मी विचारलं, खोटी कशी असते? "काळी, गुळगुळीत, रुपयासारखी गोल. का रे? कुठं पाहिलीस?" म्हटलं, नाही, उगाच.

ता. १४, सोम.
इथून तीन कोसांवरच्या गावात देवी निघाल्या. सकाळी गेलो. पाच दारांना देवीचा निंब बांधलेला. एका घरात आजारी पोरीला पाटावर बसवून ओवाळत होते, पुढं दहीभात. तिला दाखवून तोच भात गल्लीतल्या पोरांना वाटत होते. पोरं रांगेनं हात पुढं करून उभी. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. म्हाताऱ्या बाबाला नाना म्हणाले, "आबा, प्रसाद उद्यापासून देवळात वाटा, घरात नको." बाबा म्हणाला, "माय घरमा शे, मंग देऊळमा काय शे?" देवी घरात असता देवळात कशाला, असं त्याचं म्हणणं.
शेवटी ज्यांच्या अंगावर खरी खूण आहे अशीच माणसं त्या घरांत पाणी-दूध पोचवतील असं ठरवलं. नाना म्हणतात, खूणवाल्याला भय नाही.


ता. १६
पुन्हा तेच गाव. ओवाळलेली पोरगी गेली. आता निंब नऊ दारांना.

ता. १८, शुक्र.
बिऱ्हाडावर झिपरूचं कार्ड. इथं उतरवून ठेवतो.
"दादास साष्टांग नमस्कार. आपल्या गावात देवीमाय आली आहे. मास्तरांनी खूणवाल्या पोरांची टोळी केली. आम्ही सातजण. जो शाळेत आला नाही त्याच्या घरी जायचं, दाराला निंब असला तर पाटीवर नाव लिहून आणायचं. मास्तर त्याला शाळेत येऊ देत नाहीत. मी म्होरक्या. माझी खूण सगळ्यांत ठसठशीत आहे म्हणून. आपली माय खुशाल. तुम्ही याल तेव्हा शाईची पुडी आणावी."
कार्ड चार वेळा वाचलं. मास्तरांनी चुकीचं काही केलं नाही. नानांनी इथं केलं तेच त्यांनी तिथं केलं.

ता. १८, पुन्हा
नानांना आडून विचारलं. लागण झाल्यावर टोचलं तर चालतं का? "तीन दिवसांच्या आत टोचलं तर पुष्कळदा निभावतं. पुढं काही सांगता येत नाही. कुणाचं विचारतोस?" असंच. मग रजा मागितली. "गाव पेटलंय आणि तुला रजा? घरी कुणी आजारी आहे का?" नाही म्हटलं. खरंच होतं ते, आजपर्यंत.
मास्तरांना कार्ड लिहायला घेतलं. "झिपरूची खूण" इथवर आलो आणि फाडलं. कार्ड पोचायला तीन दिवस, आणि मास्तरांच्या आधी पोस्टमन वाचणार. तार करावी तर गावात तार म्हणजे मरणाचीच. मायचा जीव जाईल.

ता. १९, शनि.
पेटीतून लसीच्या तीन नळ्या घेतल्या. एक सुई. चिठ्ठी ठेवली: "नाना, नळ्या मी नेल्या. कारण आल्यावर सांगेन. सुपडू." त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं होतं.
मोटारलॉरीनं धुळं. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्यात. नेरच्या पुढं खड्ड्यात लॉरी आदळली, तांब्या कलंडला, एक नळी फुटली. दोन राहिल्या. शेजारचा कापूसवाला म्हणतो, "काय भाऊ, तूप आहे का? असं पोटाशी धरलंय." म्हटलं, तुपापेक्षा महाग.

ता. २०, रवि.
धुळ्याहून चाळीसगाव, तिथून पाचोरा. पहूरची छोटी गाडी उद्या. पाचोऱ्याच्या धर्मशाळेत दर तासाला फडकं ओलं करतोय. ऊन आताच टोचायला लागलंय. लस उन्हानं मरते.

ता. २१, सोम.
पहूरला उतरून दोन कोस चालत. वेशीतून पहिली गल्ली, सहा दारांना निंब. आमच्या दाराला नाही. तिथंच ओट्यावर बसकण मारली.
झिपरू पाटी घेऊन आला. धडधाकट. म्हणतो, "दादा, शाईची पुडी?" विसरलो होतो.
आजारी पोरांना हात लावलास का? "नाही, दारातूनच हाक मारतो." घरात शिरलास कुणाच्या? "वर्गातल्या महादूच्या. त्याला देवी आल्यात. त्याच्या मायनं प्रसादाला बोलावलं. सगळी टोळीच गेली." कधी? "परवा. नाही, त्याच्या आधी." बाजाराच्या आधी का नंतर? "ध्यानात नाही दादा."
बाजार शुक्रवारचा. नंतर गेला असेल तर वेळ आहे. आधी असेल तर

माय आडवी आली. "मले एक पोर गेलं तेच पुरलं. याले नको." मी म्हटलं, माय, हे पोर बिब्ब्यानं वाचत नाही. ती खाली बसली, डोक्यावर पदर ओढला. झिपरूला टोचलं. पहिल्यांदाच माझ्या हातानं. 

ता. २१, संध्या.
माय चुलीशी होती. पाठ वळवूनच म्हणाली, "ते बिब्ब्याचं, मी सांगतलं दुसऱ्या बायायले. इचारलं त्यायनं, कसं केलं म्हनून. आपल्या पोराचं भलं झालं, तं त्यायच्या पोरायचं का नही व्हवावं?"
कुणाला सांगितलं?
"गंगूले. सखूले. ठमीले."
तिघींची पोरं टोळीत आहेत. म्हणजे सातांतली चार माझ्याच बिब्ब्याची.

ता. २२
सकाळी मास्तरांकडं गेलो. शाळा भरायच्या आधी. उभ्यानंच सांगितलं, सगळं. ते खडू घासत होते, घासतच राहिले. मग म्हणाले, "मी रोज तुझ्या भावाला पुढं घातलं, सुपडू. सगळ्यांत आधी त्याला. बाकीच्यांना सांगायचो, झिपरूकडं बघा, कसा भीत नाही." मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
"आणखी कोण?" तीन नावं दिली. "तीनच ना?" तीनच म्हटलं.
चौघांना शाळेतून घरी बसवलं. टोळीत खरी तीन पोरं राहिली, त्यांच्यावर काम चालवू म्हणाले.
एका नळीत दोघांचं भागतं. झिपरूच्या नळीतली उरलेली गंगूच्या पोराला, दुसरी बाकीच्या दोघांना. गंगू निमूट बसली. सखूनं दार लावून घेतलं, मास्तर स्वतः गेले तेव्हा उघडलं. ठमी मला म्हणाली, "तूच डाग द्यायचं शिकवलं, आता तूच सुई आनली. उद्या काय आनशीन?"
दोन्ही नळ्या संपल्या.

ता. २३
नानांना कार्ड. या वेळी फाडलं नाही. बिब्बा, चोरी, सगळं लिहिलं. खाली: लस पाठवावी, मला ठेवा अगर काढा.
महादू दुपारी गेला. शाळेला सुट्टी नाही. मास्तर म्हणतात, सुट्टी दिली की पोरं प्रसादाला गल्लीभर हिंडतील, इथं माझ्या डोळ्यांसमोर तरी आहेत. एका बाकावर एकच बसवतात. प्रत्येकानं आपलं पाणी घरून आणायचं, शाळेचा रांजण पालथा घातला. पाटी थुंकीनं पुसली तर छडी.

ता. २५
झिपरूच्या दंडावर लाल पुळी. गंगूच्या पोराचीही उठली. बाकी दोघांचं काही दिसत नाही. लस वाटेतच मेली असेल.
नानांचं उत्तर नाही. इतके दिवस एका जागी मी कधी राहिलो नव्हतो. गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो.

ता. २७, रवि.
झिपरूला ताप. कंबर दुखते म्हणतो. पुळीला पाणी धरलंय, कड लाल, म्हणजे लस लागली, आणि लस लागली की ताप येतोच, नानांच्या बरोबर शंभर वेळा पाहिलंय. देवीचा तापही असाच येतो, कंबर धरून. तेही पाहिलंय.
नाना म्हणायचे, लसीचा ताप असेल तर पुळी दंडापुरतीच राहते. दुसरा असेल तर आधी कपाळ आणि तोंडाच्या आत बघावं.
तासातासाला तोंड उघडायला लावतो. तो चिडलाय. "दादा, मी काय बैल आहे का दात बघायला?"

ता. २८, सोम. टोचल्याला आठवा दिवस.
सकाळी उन्हाला दारात बसवून कपाळ पाहिलं. डाव्या भुवईवर एक बारीक पुटकुळी. घामोळं असेल. डास चावला असेल. मायनं माझ्या मागून पाहिलं, परसात गेली आणि निंबाचा डहाळा घेऊन आली. मी म्हटलं, अजून बांधू नको. तिनं तो उंबऱ्याशी ठेवला.
इतक्यात दारातून हाक. "झिपरू! शाळेत का नाही आला? मास्तरांनी पाहून यायला सांगितलं." टोळीत राहिलेल्या तिघांपैकी एक, सोनजी. पाटी काखेत, तोंडावर हसू, पाय उंबऱ्यावर. "आत येऊ का? प्रसाद हाय का?"
मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, तिथंच थांब. बाही वर कर.
"पाह्यलीय मास्तरांनी."
कर म्हणतो ना.
त्यानं हसत हसत केली. दोन डाग. काळे, गुळगुळीत, गोल.
मी मायकडं पाहिलं. तिनं मान हलवली, याच्या मायला तिनं सांगितलं नव्हतं.
मग सोनजीच्या मायला कोणी सांगितलं?
सोनजी अजून ओट्यावर उभा आहे. किती घरं करून आलास विचारलं तर बोटं मोजतोय.