दाजींच्या प्लॉटातलं गाजर गवत

इस्लामपूर, १८ ऑक्टोबर

ती. जिनेश दाजींस,
सुकुमारचा जय जिनेंद्र.

तुम्ही आणि आक्का खुशाल असाल. असणारच म्हणा, कोरेगावात बसलेल्याला इथला काय त्रास! आमच्या घराशेजारचा तुमचा प्लॉट तर तुमच्याहून खुशाल आहे. आठ वर्षांपूर्वी तुम्ही 'दिवाळीनंतर बंगला बांधतो' म्हणाला होता (कुठली दिवाळी, हे विचारायचं माझंच राहिलं). तिथं आता छातीएवढं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी डवरलंय. दाजी, जन्मात मी गाजर तोंडात घातलं नाही, आणि हे गवत रोज नाकात शिरतंय. सकाळी उठलं की बारा शिंका, डोळ्यांना धारा आणि नाकाचा नळ चालू.

आता रविवारची हकीकत ऐका. आमच्या भाग्यश्रीची सुपारी फोडायला सांगलीचे पाहुणे आले. मुलगा पोरीनं स्वतः पसंत केलेला (यापूर्वी तिनं सात नाकारलेत, हे तुम्ही जाणताच). मुलाच्या आत्या त्रिशलाबाईंनी सुपारी हातात घेतली आणि मी शिंकलो. "आवं, थांबा! शुभकार्यात शिंक?" झालं. सगळे पाणी पिऊन पुन्हा बसले. पुन्हा सुपारी, पुन्हा शिंक. असं पाच वेळा. पाण्यानं पाहुण्यांची पोटं भरली, पण सुपारी काही फुटेना. शेवटी आत्यांनी ती पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येतो. तवा शिंकलात तर पोरगी तुमच्याकडंच ठेवा." तेव्हापासून भाग्यश्री माझ्याशी बोलत नाही. लय वाईट वाटतं, दाजी. बापाला स्वतःच्या घरात शिंकायची चोरी झालीय.

तरी मोठ्या मनानं माणूस लावून प्लॉट साफ करा. नसेल जमत तर पत्रिकेत निमंत्रक म्हणून गाजर गवताचं नाव घालू, आपल्यात मानपान सांभाळावे लागतात. आक्काला नमस्कार.

आपला, रुमाल पिळून थकलेला,
सुकुमार

ता. क. : काल सांगलीला नाकाच्या डॉक्टरांनी हातावर टोचून ॲलर्जीची तपासणी केली. गाजर गवतानं साधा ठिपका उठला नाही. हरळीनं मात्र रुपयाएवढी गांध उठली. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून दारापुढं मीच हौसेनं लावलेली हरळी सध्या फुलोऱ्यावर आहे.

आणखी एक : हे आक्काला सांगू नका. मी हरळी खणतोय आणि गोळ्याही खातोय, दोन्ही गुपचूप. पण सगळा दोष तुमच्या प्लॉटचा, असं त्रिशलाआत्यांना आधीच सांगून बसलोय. म्हणून शनिवारपर्यंत गवत काढाच, आणि रविवारी येऊन सगळ्यांसमोर माफीही मागा. पोरीसाठी एवढं कराल ना?