आठही टर्मिनलं

परभणी,
१५ फेब्रुवारी १९९२

प्रिय पद्मजा,

दीड वर्षानं माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण वाच. काल आपल्या बियाणे कंपनीच्या संगणकावर युनिक्स प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि आठही टर्मिनलं सुरू झाली. आश्रुबा शिपाई गोदामाकडून धावत आला, "बाई, समदे चालायलेत की!" मी खुर्चीतच बसून राहिले. इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

चालली ती तुझ्यामुळे. कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, बदलला की आठ टर्मिनलांचं कार्ड चालवणारा तू लिहिलेला ड्रायव्हर मूळ प्रोग्रामपासून नव्यानं बांधायचा, हे तू किती वेळा सांगितलंस! चौकट बदलली की जुन्या दाराला पुन्हा रंधा मारावाच लागतो, म्हणायचीस. या वेळी तुझ्याच फ्लॉपीवरून तो बांधला. सगळं चढवून तपासण्यात दोन दिवस गेले. मानवतला मावसभावाच्या लग्नाला गेले नाही म्हणून आई अजून फुगून बसली आहे. पण तुझ्या प्रोग्रामात एक ओळही चुकीची निघाली नाही.

आपली ती खंडेनवमी आठवते? तराजू, पोती शिवायचं यंत्र, संगणक, सगळी पूजेला मांडलेली. एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तेव्हाही कर्नल बदलायचा होता आणि ते काम माझ्याकडे होतं. दिनकरराव साहेब नारळ घेऊन दारात उभे, भटजींना दुसरीकडे जायची घाई. कसंबसं उरकलं आणि पेढे खाल्ले.

दसऱ्यानंतर तू कामावर होतीस, सगळी टर्मिनलं एकदम चालू झाली आणि यंत्र कोसळलं. उगवण चाचणीच्या महिनाभराच्या नोंदी गेल्या. साहेबांनी जुना कर्नल परत आणवला आणि तुझ्या ड्रायव्हरला नावं ठेवली. माझं काम बरोबर आहे, एवढंच तू म्हणत राहिलीस. मी शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास. स्टेशनवरसुद्धा मी तुझी पिशवी धरून हवापाण्याच्या गप्पा मारत होते. लाज वाटते गं.

काल साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, कमाल केली तुमी!" ते मात्र मला ऐकवेना. जे तेव्हा गिळलं ते तिथंच ओकले. साहेब खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "आन् मी त्या पोरीला लय बोललो." आज त्यांनी तुला रजिस्टर पत्र लिहायला घेतलंय. माफी मागणार आहेत, परत बोलावणार आहेत. माझं काय ते सोमवारी ठरेल. काढलं तरी आज मला झोप लागेल.

त्यांचं पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्यात माझं नाव असेल. ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे लिहिलं. त्या खंडेनवमीला अर्धा तास वाचवायला मी तुझा ड्रायव्हर नव्यानं बांधलाच नव्हता, पद्मजा. जुनाच चढवला होता. आणि तू बोलणी खात होतीस तेव्हा मला ते माहीत होतं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
सुमंगला