भिंत हललेली नाही

४ नोव्हेंबर

भोपू म्हणाला, "मॅडम, पुढच्या गल्लीत तुमच्या आईचं घर. ते मी करतो, तुम्ही गाडीत बसा." मी नको म्हणाले. घर म्हणजे घर, मोजायचं!

भोपू माझा मदतनीस. वयानं बाबांएवढा, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. तोंडावर काका म्हणते, इथे वहीत भोपू. समुद्र किनारा खात पुढे येतोय, म्हणून आमचं ऑफिस पाण्याकडच्या घरांच्या भिंती तपासतं. भेग सापडली की तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवायची — एक टोक भेगेच्या या बाजूला, दुसरं त्या. भिंत हलली की काच तडकते. काच तडकली की घर रिकामं करायचं. कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही. म्हणूनच हे काम मला मानवतं.

आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भेग आहे. रुंदी २.१ मिलिमीटर. कडा काळवंडलेल्या, म्हणजे जुनी. पट्टी लावली, भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा केल्या. आई पदराला हात पुसत बघत होती.

"फुटली तर?"

"तर निघायचं."

"कुठे?"

भोपूच बोलला — "मुलीकडे! दुसरीकडे कुठे?" आणि स्वतःच हसला. मी मोजपट्टी पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

निघताना आईनं विचारलं, काच कशी बघायची? मी दाखवलं. भिंत हलली तर भेगेच्या रेषेतच सरळ तडा जातो. काही आपटलं तर एका बिंदूपासून चारी बाजूंना चिरा जातात, चांदणी पडते. तिनं मान हलवली. तिला एकदा सांगितलं की पुरतं.

५ नोव्हेंबर

माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. मला पुरतं.

११ नोव्हेंबर

वाचनालयातून आणलेलं पुस्तक संपवलं. समुद्रकाठी एकटी राहणारी बाई. नवरा गेला, गाव पांगलं, ती जात नाही. सकाळी लाटा ऐकते, दुपारी लिहिते, कुणाचं काही नको. शेवटच्या पानावरही एकटी — आणि भरलेली. वाचताना सारखी आई दिसत होती.

बाबा गेले तेव्हा सगळे म्हणत, "बिचारी, एकटी पडली." मी कधीच म्हटलं नाही. आई कधी रडून फोन करत नाही. ये म्हणत नाही. आम्ही दोघी एकाच मातीच्या, मला याचा अभिमान आहे.

भोपू म्हणतो, "तुम्ही मायलेकी फोनवर नुसता श्वास घेत असाल!"

जवळपास खरं आहे.

१९ नोव्हेंबर

शनिवार. आईकडे गेले, पुस्तक नेलं. काच शाबूत.

शेजारचे शिंपीकाका आज गेले. त्यांची काच परवा तडकली — सरळ तडा, शंकेला जागा नाही. मशीन टेम्पोत चढवताना आईला म्हणाले, "वहिनी, आता रेडिओ कुणासाठी मोठा लावू?" ती म्हणाली, "इतकी वर्षं डोकं उठवलंत, आता सुटले!" टेम्पो वळेपर्यंत दारात उभी होती. वळल्यावरही.

गल्लीत आता तिचं एकच दार उघडं. मी म्हटलं, "शांत झालं."

"हो," ती म्हणाली. "फार."

२६ नोव्हेंबर

आईनं पुस्तक परत दिलं. वाचलंस का विचारलं.

"वाचलं. खोटी आहे ती बाई."

"का?"

"पाच-पाच पानं समुद्र! एकदा तरी कुणाच्या पावलांकडे कान लावील की नाही? मीठ जास्त झालं तर कुणाला सांगते ती?"

मला राग आला. म्हटलं, तुला कळलं नाही. ज्याला स्वतःची सोबत पुरते, अशा माणसाबद्दल आहे ते. आई म्हणाली, "असेल बाई. तू शिकलेली."

वादात मी जिंकले. बसमध्ये मात्र बरं वाटलं नाही.

३ डिसेंबर

आईच्या घरातली काच फुटली.

पोचले तर ती दारातच. "काच गेली बघ." आवाज साधा. मी बॅगही न उतरवता आत गेले. भेगेची रुंदी — २.१. तीनदा मोजली. पेन्सिलीच्या खुणांमधलं अंतरही तेच. भिंत हललेली नाही. काचेवर मधोमध एक बिंदू, तिथून चिरा. चांदणी.

"काहीतरी आपटलंय. घर पक्कं आहे. घाबरू नकोस, तुला कुठे जायला नको."

मला वाटलं मी आनंदाची बातमी देतेय!

"बरं," आई म्हणाली.

कोपऱ्यात एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. मी विचारलं काय ते. "जुने कपडे, द्यायचेत कुणाला तरी." मी जुनी काच खरवडून काढली, नवी लावली. खिडकीत खलाचा बत्ता होता. तो कायम फडताळात असतो. मी उचलून जागेवर ठेवला. चहा झाला. सहाची बस पकडली.

५ डिसेंबर

ऑफिसात भोपूला सांगितलं. तो डबा खाता खाता थांबला.

"आतल्या खोलीतली? गल्लीत चिटपाखरू नाही. मग फोडली कुणी?"

"धक्का लागला असेल."

"मॅडम, एवढ्या वर्षांत मी फुटलेल्या काचा चिकटवलेल्या बघितल्या. एका आजोबांनी तर खळ लावून चिकटवली होती. लोकांना घर सोडवत नाही. चिकटवतात. फोडतं कोण हो?"

मी म्हटलं, डबा संपवा, साईटवर जायचंय.

फोडतं कोण. जिला निघायचंय ती.

गाठोड्यात वर तिची निळी शाल होती. ती शाल ती कुणाला देणार नाही. मी बघितली होती. मी सगळं बघितलं होतं — बत्ता, गाठोडं, दारात उभं राहणं. आणि भेग मोजली.

६ डिसेंबर

आई एकदाच माझ्या खोलीवर आली होती. बघून म्हणाली, "एकच खुर्ची?" मी म्हटलं, "मी एकटीच तर बसते." ती पलंगाच्या कडेवर बसली, चहा प्यायली, दुपारच्या बसनं गेली. तेव्हा मला वाटलं, किती समजूतदार!

तिनं कधी ये म्हटलं नाही. कारण मी कधी येते म्हटलं नाही.

१० डिसेंबर

आज सांगायचं ठरवून गेले. बसमध्ये वाक्य पाठ केलं — "आई, माझ्याकडे राहायला चल." सोपं वाक्य. सात वर्षांचा मुलगाही म्हणेल.

ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आई."

"काय गं?"

"माझ्याकडे... हवा बरी असते."

"इथेही बरीच आहे," ती म्हणाली. मग, "तुझं काम असतं. मी मध्ये मध्ये करणार. कारण नसताना कशाला?"

कारण नसताना. ती एकदा कारण घेऊन आली होती. मी ते तपासून परत केलं.

गाठोडं सोडलं होतं. शाल खुंटीवर.

तिचं मनगट बारीक झालंय. हे मोजायला मला कुणी शिकवलं नाही.

१३ डिसेंबर

खुर्ची घेतली. तीन जिने स्वतः वर आणली. घरमालकीण म्हणाली, "पाहुणे येणारेत?" मी म्हटलं, "नाही. पाहुणे नाही."

१७ डिसेंबर

आई मागे कपडे वाळत घालत होती. फडताळातून बत्ता काढला आणि काच फोडली. एकाच ठोक्यात. आवाज अपेक्षेपेक्षा लहान.

ती ओल्या हातांनी आत आली. ओट्याजवळ गेली. काचेवर चांदणी पडली होती, मीच तिला ओळखायला शिकवलेली. तिनं ती बघितली. मग माझा हात बघितला. बत्ता अजून हातातच होता.

"भिंत हलली वाटतं," आई म्हणाली.

"हलली," मी म्हणाले.