पहिल्या थेंबाची नोंद दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
छातीविकार रुग्णालय

विषय : चाचणी नोंदवहीतील खोटी नोंद दुरुस्त करणे व अर्जदाराची बदली थांबवणे याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर ‘नोंद बरोबर आहे’ असे आपले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या ॲलर्जी तपासणी कक्षात सोळा वर्षे तंत्रज्ञ आहे. धूळ, परागकण, बुरशी, पीठ यांच्या अर्काचे थेंब रुग्णाच्या हातावर ठेवून प्रत्येकातून सुई टोचणे आणि पंधरा मिनिटांनी उठलेला फुगवटा पट्टीने मोजणे, हे तिचे काम. पहिला थेंब यांपैकी कशाचा नसून हिस्टामिनचा, केवळ पडताळणीसाठी असतो; तो कोणाच्याही हातावर फुगतोच. तो फुगला नाही, तर रुग्णाने सर्दीची गोळी घेतली असावी असे समजून सगळी चाचणी रद्द धरायची असते.

२. गेल्या वर्षी बेकरीतला एक कारागीर धाप लागते म्हणून आला होता. त्याच्या कोपराच्या घडीत पीठ होते. अर्जदाराने ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. ‘गोळी घेतली का’ हे विचारायचे राहून गेले. पंधरा मिनिटांनी पूर्ण हात सपाट होता, पहिल्या थेंबाची जागासुद्धा. बाहेर रांग होती. अर्जदाराने सवयीने पहिल्या रकान्यात ‘५ मि.मी.’ लिहिले, कारण तिथे नेहमी तेवढेच येते. पट्टी लावलीच नाही.

३. त्याने विचारले, “ताई, म्हणजे पीठ मला बाधत नाही ना?” अर्जदार म्हणाली, “नाही. खुशाल कामावर जा.” अकराव्या दिवशी पीठ चाळताना त्याचा श्वास कोंडला आणि चाळणीपाशीच त्याचा जीव गेला.

४. नोंदवहीत चूक आढळत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. चूक आढळू नये अशाच रीतीने ती लिहिली गेली आहे. आपल्या उत्तरात अक्षर सुवाच्य असल्याबद्दल समाधानही व्यक्त केलेले आहे. ते अर्जदाराने पुन्हा पुन्हा वाचले.

५. तेव्हापासून रुग्ण ज्या खुर्चीत थांबतात, तिथून शीळ घातल्यासारखा श्वास ऐकू येतो. खुर्ची रिकामी असली तरी येतो. सफाईवाल्या मावशींना तो ऐकू येत नाही. खुर्ची भांडारात ठेवली, तर आवाज भांडारातून येऊ लागला. प्रत्येक हात पुसल्यावर अर्जदार बोळा उजेडाकडे धरून पाहते. पांढरे काही नसते, तरी तो टाकवत नाही. असे बोळे साठून तिचा एक खण भरला आहे. या कारणाने तिने अभिलेख विभागात बदली मागितली होती व आपण ती सोमवारपासून मंजूर केली आहे.

६. दरम्यान अर्जदार त्या कारागिराच्या बायकोला भेटली आणि सगळे सांगितले. बाई म्हणाल्या, “दवाखान्यात शिंकत बसणं बरं दिसत नाही म्हणून हे सर्दीची गोळी खाऊन गेले होते. आणि मी वर्षभर त्यांनाच बोल लावतेय, की तोंडाला फडकं बांधलं नाही.” अर्जदाराला वाटले, त्या आता जायला सांगतील. पण त्यांनी मुलीला बाहेर बोलावले. ती वडिलांच्याच जागी कामाला लागली आहे आणि तिलाही शिंका सुरू झाल्या आहेत. बाई म्हणाल्या, “हिला तुम्हीच तपासा. दुसरं कोणी विसरेल. तुम्ही आता विसरायच्या नाहीत.”

७. मुलीची चाचणी येत्या गुरुवारी आहे. तिच्या गोळ्या आठवड्यापूर्वीच बंद केल्या असून अर्जदार रोज फोन करून खात्री करते.

सबब विनंती, की ‘५ मि.मी.’ ही नोंद अर्जदाराच्या सहीने खोडून ‘फुगवटा नाही, चाचणी रद्द’ अशी करावी व तिची प्रत त्या बाईंना द्यावी. बदलीचा आदेश मागे घ्यावा; ते शक्य नसल्यास निदान शुक्रवारपर्यंत थांबवावा. आवाज अजून येतो, परंतु अर्जदाराची त्याबाबत आता तक्रार नाही. शिस्तभंगाची चौकशी लावल्यास ती कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी हजर राहील. गुरुवार तेवढा सोडावा.

आपली नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, ॲलर्जी तपासणी कक्ष
दिनांक : ९ मार्च

सोबत : नोंदवहीतील पानाची प्रत, कारागिराच्या पत्नीचे संमतिपत्र.